मागून जेवणारी

वजनकाट्यावर चढायच्या आधी सिंधुबाईंनी वहाणा काढल्या, हातातली पिशवी नवऱ्याकडं दिली आणि कमरेची किल्ल्यांची जुडीसुद्धा सोडून त्याच्या हातात ठेवली. नर्सला हसू आलं.

"मावशी, किल्ल्यांनी असा कितीसा फरक पडणार?"

"पडंल तेवढा पडू दे, बाई."

काट्यानं अठ्ठ्याहत्तर किलो दाखवलं. सिंधुबाईंना वाचता येत होतं, तरी त्यांनी नर्सच्या तोंडाकडं बघितलं, जणू ती काही कमी करून सांगेल.

बारामतीतल्या त्या दवाखान्यात त्यांची लेक स्वरूपा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येत होती. वय एकतीस. सासर इंदापूर तालुक्यातलं बावडा. बाळंतपणात चढलेलं ब्लडप्रेशर पुढं कुणी मोजलंच नाही, आणि मोजलं तेव्हा दोन्ही किडन्या आक्रसून गेलेल्या होत्या. बावड्याहून एवढ्या खेपा झेपेनात म्हणून ती सांगवीला माहेरी येऊन राहिली होती. तिची चार वर्षांची लेक संस्कृती तिकडं बावड्यालाच आजीपाशी. नवरा दिग्विजय भला माणूस. त्यानं सगळ्यांच्या आधी आपलं रक्त तपासून घेतलं, ते जुळलं नाही. वडील भीमराव माळेगावच्या कारखान्यावर फिटर. त्यांचं जुळलं, पण त्यांचं स्वतःचंच प्रेशर गोळ्यांना दाद देत नव्हतं. राहिली आई.

"तुमचं सगळं जुळतंय मावशी," डॉक्टर म्हणाले, "पण या वजनावर तुमची किडनी घेता येणार नाही. साखरही काठावर आहे. एक दिल्यावर राहिलेल्या एकीवर तुम्हाला पुढचं आयुष्य काढायचंय. दहा किलो उतरवा, साखर खाली आणा, मग पुण्याला पाठवतो. जेवढं लवकर तेवढं मुलीच्या हिताचं. आणि ऐका, उपाशी राहून नाही."

शेवटचं वाक्य सिंधुबाईंच्या कानावरून गेलं. त्या दाराच्या काचेतून पलीकडं बघत होत्या. स्वरूपा खाटेवर पडून छताकडं बघत होती आणि तिच्या दंडातून निघालेली लाल नळी यंत्रात जात होती.

सिंधुबाई जाड होत्या, पण त्यांना खादाड कुणी कधी म्हटलं नसतं. कारण त्यांना जेवताना कुणी बघितलंच नव्हतं. लग्न होऊन आल्या तेव्हा घरात खंडीभर माणसं. आधी पुरुष, मग पोरं, मग सासू-नणंदा, आणि सगळं आटोपल्यावर चुलीपुढं सून. भांड्यात उरेल ते तिचं. कधी काहीच उरत नसे, कधी तिघांचं उरे. दोन्ही वेळी बोलायचं नसे. अन्न टाकायचं नाही, ही त्या घरची शिस्त. पोरांनी ताटात सोडलेला चतकोर, कढईला चिकटलेलं पिठलं, सकाळची आमटी, पाहुणे आले नाहीत म्हणून राहिलेला भात, सगळ्याची वाट शेवटी एकाच पोटाकडं जायची. पस्तीस वर्षं घरानं काही वाया घालवलं नाही. जे वाया जायचं ते सिंधुबाईंच्या अंगावर चढलं.

आणि खरवड. दूध तापवून ओतून घेतलं की पातेल्याच्या तळाला तांबूस, खरपूस थर राहतो, ती खरवड. दूध डेअरीचं, साय लोण्याची, लोणी तुपाचं आणि तूप पुरुषांच्या ताटातलं. खरवडीचा हिशेब तेवढा कुणी ठेवत नसे. ती पातेलं घासणारीची. कालथ्यानं खरवडून काढायची, वर साखर भुरभुरायची आणि भिंतीकडं तोंड करून खायची. नव्या नवरीला त्या घरात आपलं म्हणावं असं तेवढंच मिळालं होतं. पुढं घरं वेगळी झाली, चूल जाऊन गॅस आला, जावा आपापल्या दारी गेल्या. घरात सासू फुलाबाई, भीमराव आणि त्या एवढीच माणसं राहिली. दुपारची खरवड मात्र सुटली नाही.

दवाखान्यातून आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उपास धरले. सोमवार होताच. गुरुवार धरला, शनिवार जोडला, चतुर्थी आणि एकादशी वर.

"कुठल्या देवाला बोललीस गं?" फुलाबाईंनी विचारलं. ऐंशी ओलांडलेल्या फुलाबाईंचे दात गेले होते, जीभ शाबूत होती.

"देवाला न्हाय ओ आत्याबाई. वजन उतरवायचंय."

"मग बरंय. एवढ्या उपासांच्या पुण्याचं वझं देवाला झेपायचं न्हाय."

सकाळी त्या शेजारच्या मेहबूबबीबरोबर कालव्याच्या कडेनं चालायला लागल्या. मेहबूबबीचं बांगड्यांचं दुकान, बोलणं बांगड्यांसारखंच किणकिणणारं.

"सिंधू, जरा पाय उचल की. वरातीत निगालीस काय? तुझ्या मागनं उसाची गाडी बी फुडं गेली."

"तू चाल. मला उपासाची ग्लानी आलीया."

"बघ बाई. माझ्या अंगावर पडू नगंस. मला उचलाय ट्रॅक्टर लागंल."

सिंधुबाई हसायच्या आणि चालायच्या. त्यांना खरंच वाटत होतं की आपण उपाशी आहोत. महिन्यानं काट्यावर उभ्या राहिल्या, तर काटा साडेएकोणऐंशीवर जाऊन थांबला.

डॉक्टरांनी त्यांना आहाराचं बघणाऱ्या मुलीकडं पाठवलं. अफशीन तिचं नाव, इंदापूरची. स्वरूपा शेजारच्या खुर्चीत बसली.

"उपासाला काय खाता मावशी?"

"काय न्हाय. उपासच की."

"चहा?"

"च्या चालतो. दुधाचा. दोनदा... तीनदा."

"आणि दुपारी?"

"वाईच खिचडी. साबुदाण्याची, शेंगदाण्याचं कूट घालून. लईच गळाल्यागत झालं तर राजगिऱ्याचा लाडू. एखादं केळं. बटाट्याचा कीस, त्यो बी चतुर्थीलाच."

"संध्याकाळी?"

"भगर आन् शेंगदाण्याची आमटी. पण भाकरी न्हाय हां. भाकरीला मी शिवत बी न्हाय!"

स्वरूपाला आधी ठसका लागला, मग हसू फुटलं. ती तोंडावर पदर धरून हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. किती तरी महिन्यांत ती अशी हसली नव्हती. तिच्याकडं बघून सिंधुबाईंनाही हसू यायला लागलं आणि मध्येच त्यांचा चेहरा कोसळला. एक महिना गेला होता. लेकीचा एक महिना.

अफशीन हसली नाही. "माझी नानीपण असंच करते मावशी. रोजे धरते आणि दर रमजानला तिचं वजन वाढतं. दिवसभर पाणी नाही आणि संध्याकाळी वर्षभराची भजी." मग तिनं विचारलं, "एरवी तुम्ही कधी जेवता?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

"कशात?"

"कशात म्हंजे?"

"ताट घेता का?"

सिंधुबाईंना आठवावं लागलं. ताट नव्हतं. पातेल्यातच भाकरी कुस्करायची, नाहीतर नवऱ्याच्या ताटात राहिलेलं असायचं, त्यावरच वाढून घ्यायचं.

"आजपासून ताट घ्या," अफशीन म्हणाली. "सगळ्यांच्या आधी स्वतःचं वाढा. एक भाकरी, वाटीभर आमटी, पालेभाजी, काकडी. तेवढं जेवायचं आणि हात धुवायचे. मागं भांड्यात जे राहील ते तुमचं नाही."

सांगायला सोपं. त्या संध्याकाळी सिंधुबाईंनी ताट घेतलं, त्यात एक भाकरी ठेवली आणि त्यांना घाम फुटला. भीमराव कामावरून येऊन हातपाय धुवून टीव्हीपुढं बसले होते. फुलाबाई भिंतीला टेकून सगळं बघत होत्या.

"आक्रीतच झालं," त्या म्हणाल्या. "घरधनी बसलाय आन् बाई जेवाय लागली. आमच्या टायमाला असतं तर सासूनं ताटासकट उंबऱ्याभायेर बसवलं असतं."

"डॉक्टरनं सांगितलंय आजी," स्वरूपा म्हणाली.

"डॉक्टरनं सांगितलंय म्हणूनच गप हाय. न्हायतर बोलले असते."

भीमरावांनी टीव्हीवरची नजर काढली नाही, पण आवाज मोठा केला. सिंधुबाईंनी घास मोडला. घास तोंडात फिरत राहिला. चव लागली नाही, लाजच लागली.

अवघड प्रसंग पुढं होता. भीमराव जेवून उठले तेव्हा रोजच्यासारखी त्यांच्या ताटात अर्धी भाकरी आणि थोडं वांग्याचं कालवण राहिलं होतं. सिंधुबाईंचा हात सवयीनं पुढं गेला आणि थांबला.

"अवो, हे संपवा की."

"पोट भरलं."

"मग?"

"मग काय? रोज काय करतीस?"

भीमराव ताटाकडं बघत उभे राहिले. रोज काय करते हे त्यांना तेव्हा कळलं असावं. ते परत खाली बसले, ती अर्धी भाकरी कालवणात बुडवून खाल्ली आणि ताट पुसून काढलं.

"उद्यापास्नं मला दोनच वाढ," उठताना ते म्हणाले.

त्यानंतर वजन उतरायला लागलं. उपास सुटले, तेलाची बुधली फडताळात मागं गेली. सणाला पुरणपोळ्या लाटल्या आणि लाटणारीनं एकही खाल्ली नाही, तेव्हा फुलाबाईंनी पहिल्यांदाच सुनेच्या पाठीवर हात ठेवला, आणि लगेच काढलाही. काटा बहात्तरवर आला. साखरही काठावरून आत सरकली. डॉक्टरांनी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात फोन केला. "आणखी चार किलो. मग पुढच्या तपासण्या आणि ऑपरेशन," ते म्हणाले. कुठून काप घेतात, किती दिवस राहावं लागतं, तेही त्यांनी समजावून सांगितलं. सिंधुबाईंनी सगळ्याला मान हलवली.

आणि काटा तिथंच अडकला.

आठवडे गेले, बहात्तर काही हलेना. अफशीननं पुन्हा पुन्हा विचारलं, सिंधुबाईंनी पुन्हा पुन्हा भाकरी, आमटी, काकडी सांगितली. ते खोटं नव्हतं. ते पूर्ण नव्हतं, एवढंच.

दुपारी घर निजलेलं असायचं. डेअरीचं घालून घरापुरतं ठेवलेलं दूध तापायचं, आणि तो वास स्वयंपाकघरातून त्यांच्या अंगात शिरायचा. भूक नसायची. भूक त्यांना चांगली ओळखता यायला लागली होती, ती पोटात असते. हे घशाच्या खाली, छातीच्या मधोमध असायचं, आणि ते म्हणायचं की एवढंच दे, मग मी काही मागणार नाही. त्या बाहेर ओट्यावर जाऊन बसायच्या, लसूण सोलायला घ्यायच्या, देवाचं नाव घ्यायच्या. मग उठून आत यायच्या आणि कालथा घ्यायच्या. आधी कडेची थोडी, साखरेशिवाय. पुढं साखरेसकट. खाऊन झालं की तेवढ्यापुरतं सगळं शांत व्हायचं, आणि मग पातेलं घासताना डोळे भरून यायचे.

त्या दिवशी मागं पावलं वाजली नाहीत. स्वरूपाची पावलं आताशा वाजतच नसत.

"आई."

सिंधुबाई वळल्या. तोंडात घास होता. गिळावा की थुंकावा हे त्यांना कळेना.

"किती दिवस चाललंय?"

"दोन घास हुते गं."

"किती दिवस?"

स्वरूपा दाराची चौकट धरून उभी होती. तिचा चेहरा मातकट झाला होता, पाय सुजले होते.

"डॉक्टरांनी पाणी मोजूनच प्यायला सांगितलंय. मी बाटलीवर खुणा करून पिते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "जीभ टाळूला चिकटते माझी. परवा नळ वाहताना बघून मला रडू आलं. दिवसभर मी दुसरा इचार करत न्हाय. आन् तुला साखर सुटत न्हाय?"

"चुकले बाळा."

"तुला द्यायची नसंल तर तसं सांग. सरळ सांग, मी रागावणार न्हाय. दिग्विजय किडनीसाठी थांबलेल्यांच्या यादीत नाव घालील, मिळंल तवा मिळंल. पण हे असं, खाऊन खाऊन नगं सांगू."

ती गेली. सिंधुबाईंनी पातेलं घासलं. दोनदा घासलं. त्यांना लेकीचा राग यायला हवा होता, असं कसं बोलली म्हणून. आईला असं म्हणतात का? पण राग येईना. पातेलं हातात धरून त्या मोरीजवळ तशाच बसून राहिल्या आणि त्यांना काटा आठवला. गेल्या खेपेला बहात्तरच आहे म्हणून नर्सनं सांगितलं, तेव्हा त्यांना लाज वाटली होती. आणि त्या लाजेच्या खाली आणखी काहीतरी वाटलं होतं, ज्याच्याकडं त्यांनी बघितलं नव्हतं. आता बघितलं. सुटल्यासारखं वाटलं होतं. या महिन्यात तरी पुणं नाही.

त्या उठून आत गेल्या. स्वरूपा भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"भ्या वाटतं गं मला," सिंधुबाई म्हणाल्या.

स्वरूपा हलली नाही.

"कापतील त्याचं. झोपवतील, परत उठीन का न्हाय त्याचं. मी दवाखान्यात कधी निजले न्हाय. तू बी घरातच झालीस. ते डॉक्टर पाठीकडनं असं बोट फिरवून दावत हुते, तवापास्नं हितं," त्यांनी बरगडीखाली हात ठेवला, "हितं आत्ताच दुखाय लागलंय."

"मग बोलली का न्हाईस?"

"कुणाला बोलू? पाव्हणी येत्यात, हात जोडत्यात. म्हणत्यात, आईच ती, जीव बी देईल. त्यावर मी काय म्हणू, भ्या वाटतं म्हणू?"

स्वरूपा सावकाश उठून बसली. ती आईच्या हातांकडं बघत होती. नखांत पातेलं घासल्याचं काळं होतं.

"मला बी वाटतं," ती म्हणाली. "तुझं काय झालं तर? मग वाटतं, संस्कृतीला आई पायजे. आन् मग वाटतं, मला बी पायजेच की आई. दोन्ही एकदम मला धरताच येत न्हाय."

"देऊ नगंस म्हणतीस?"

"न्हाय. दे. मला जगायचंय आई. भीत भीत दे. पण दे. आन् चोरून खाऊ नगंस, मला सांग."

तेव्हापासून दूध ओतून घेतलं की सिंधुबाई पातेल्यात लगेच गार पाणी ओतायच्या. खरवड भिजून पांढुरकी व्हायची, खाण्याजोगी राहायची नाही. इच्छा गेली नाही. ती रोज त्याच वेळेला यायची, दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी. फरक एवढाच, की आता त्या मोठ्यानं म्हणायच्या, "आली बघ." आणि स्वरूपा आतून म्हणायची, "येऊ दे. चल, मेहबूबबीच्या ओट्यावर जाऊ." मेहबूबबी दोघींकडं बघून म्हणायची, "आल्या बाई. एकीला पाणी देता येत न्हाय, दुसरीला च्या देता येत न्हाय. माझा पाहुणचार म्हंजे नुसतं तोंड!" आणि ते तोंड तासभर चालू ठेवायची. तासाभरात ती वेळ टळून जायची. काही दिवस टळायची नाही. त्या दिवशी सिंधुबाई दिवेलागणीपर्यंत त्या ओट्यावरच बसून राहायच्या.

थंडी सरता सरता काटा अडुसष्टच्या खाली आला.

पुण्यात सगळ्या तपासण्या झाल्यावर सिंधुबाईंना एका खोलीत एकटीला बोलावलं. टेबलापलीकडं दोन पुरुष डॉक्टर आणि एक वयस्क डॉक्टर बाई, आणि कोपऱ्यात चालू असलेला कॅमेरा. देणाऱ्याला एकट्यानं विचारायचं असा नियम आहे, असं त्या बाईंनी सांगितलं.

"तुमच्यावर कुणाची जबरदस्ती आहे का?"

"न्हाय."

"आई आहात तर दिलीच पाहिजे, असं कुणी म्हणालं?"

सिंधुबाईंनी थोडा विचार केला. "म्हणले की. सगळेच म्हणले."

त्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग?"

"म्हणू द्या. त्यांना कुठं द्यायचीय?"

"भीती वाटते?"

"वाटती. लई वाटती."

डॉक्टर बाई पुढं वाकल्या. "हे बघा, तुम्हाला आत्ता नाही म्हणायचं असेल तर म्हणा. आम्ही बाहेर एवढंच सांगू की तपासणीत बसत नाही. खरं कारण कुणालाही कळणार नाही. मुलीलासुद्धा नाही. हा तुमचा हक्क आहे."

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. सिंधुबाईंनी हात मांडीवर ठेवले. एवढं सोपं असेल असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काही खायला नको, काटा अडकवायला नको, नुसती मान हलवायची. समोरच्यांनी घाई केली नाही.

"न्हाय," शेवटी त्या म्हणाल्या. "तिला कळंल. तुमी काय बी सांगा, माझ्या तोंडाकडं बघितलं की तिला कळंल."

"म्हणून देताय?"

"त्यासाठी न्हाय." त्यांना नीट मांडता येईना. "भ्या वाटतं म्हणून तिला मी सांगितलंय. तरी ती दे म्हणली. मला बी द्यायचीय. एवढंच हाय. आता विचारू नगा, न्हायतर मी रडीन."

बाहेर बाकावर स्वरूपा आणि भीमराव बसले होते. सिंधुबाई लेकीशेजारी टेकल्या.

"काय विचारलं?"

"भ्या वाटतं का म्हणले."

"मग?"

"वाटतं म्हणले. मग त्या डॉक्टरबाई म्हणाल्या, न्हाय म्हणायचं असंल तर आत्ता म्हणा, आमी कुणाला कळू देणार न्हाय."

"मग तू?"

"सहीला तुझ्या आप्पांना बोलवत्यात. नवऱ्याची बी लागती म्हणं."

भीमराव उठले. त्यांनी शर्ट नीट खोचला, खिशात चष्मा चाचपला आणि दारापर्यंत जाऊन एकदा मागं वळून बघितलं. सिंधुबाईंनी मान हलवली. ते आत गेले. दार लागलं, आणि त्या दोघी एकमेकींना टेकून त्या दाराकडं बघत बसून राहिल्या.